रिकामी चौकट : वाळवंटाच्या छायाचित्रांची कहाणी

वाळवंट हा शब्द आपल्याकडे मुळात ओसाडपणाचा नाही. एखाद्या वारकऱ्यापुढे तो नुसता उच्चारावा, की त्याच्या डोळ्यांसमोर चंद्रभागेचे पात्र उभे राहते. राहुट्या, पताका, कीर्तनाची कडी, फुगड्या, वाळूत खेळणारी पोरे, आणि पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. आपले वाळवंट हे माणसांनी भरलेले असते. सहारा, अरबस्तान, गोबी ह्यांना हाच शब्द लावला तो शाळेतल्या भूगोलाने, आणि त्या शब्दामागोमाग एक चित्रही आपल्या मनात येऊन बसले. वाळूची एक टेकडी, तिची नागमोडी धार, धारेच्या अलीकडे ऊन, पलीकडे काळीभोर सावली, वर निर्मळ आकाश, आणि माणसाचा मागमूस नाही. दिनदर्शिकेच्या पानावर तेच, सहलीच्या जाहिरातीत तेच, आणि आता संगणकाच्या पडद्यावरही तेच.

हे चित्र निसर्गाने आपल्याला आयते दिलेले नाही. ते शिकावे लागले, आणि शिकायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. कोणी, कुठे, कोणत्या अडचणीतून ते शिकले, आणि शिकता शिकता चौकटीच्या बाहेर काय काय गेले, हे आज सांगायचे आहे.

आधी अडचण समजून घेऊ. आपल्या गावांतून हल्ली पुष्कळ मंडळी जैसलमेरला जातात. गावापासून चाळीसेक किलोमीटरवर सम येथे वाळूच्या टेकड्या आहेत, तिथे उंटावर बसतात, सूर्यास्त पाहतात आणि मनमुराद फोटो काढतात. घरी येऊन ते पाहावेत तर निराशा पदरी पडते. खाली एक पिवळा पट्टा, वर एक निळा पट्टा, मध्ये एक रेघ. तिथे उभे असताना जो भव्यपणा अंगावर आला होता तो कुठे गेला? तो गेला नाही, तो फोटोत आलाच नव्हता. उभ्या माणसाची मान फिरते, तळव्यांना वाळू लागते, कानांत वारा भरतो. कॅमेऱ्याला ह्यातले काही नाही. त्याला एक आयत मिळतो, आणि त्या आयतात नजरेने कशाला धरायचे ते हवे असते. डोंगराला शिखर असते, नदीला काठ असतो, देवळाला कळस असतो. वाळवंटात नजरेला धरायला काही नसते, आणि ती घसरून चौकटीबाहेर पडते.

पहिल्या छायाचित्रकारांनी ह्यावर सोपा उपाय काढला. त्यांनी वाळवंटाचा फोटो काढलाच नाही. 1839 साली छायाचित्रणाची कला जगापुढे आली आणि दहा-बारा वर्षांत युरोपातली हौशी माणसे कॅमेरे घेऊन इजिप्तला पोहोचली, पण त्यांना हवे होते पिरॅमिड, देवळे, भग्न मूर्ती. वाळू ही त्यांच्या लेखी पडदा होती. माक्सीम द्यू काँ हा फ्रेंच लेखक 1849 साली आपला मित्र कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर ह्याच्यासह निघाला, दीडेक वर्ष फिरला, आणि 1852 मध्ये त्याने सव्वाशे छायाचित्रांचे जे पुस्तक काढले ते ह्या प्रकारातले आरंभीचे मोठे पुस्तक. अबू सिंबेलच्या प्रचंड मूर्ती त्या वेळी वाळूत गळ्यापर्यंत बुडालेल्या होत्या. त्या किती मोठ्या आहेत हे पॅरिसमधल्या वाचकाला कसे कळावे? द्यू काँने आपल्या नावेवरचा हाजी इस्माईल नावाचा खलाशी मूर्तीच्या मुकुटावर नेऊन बसवला. पुस्तकभर हा इस्माईल भेटतो, कुठे खांबाशी, कुठे कोनाड्यात. त्याला पाहून खांबाची उंची मोजायची. हलला तर चित्र बिघडे, म्हणून द्यू काँने त्याला थाप मारली होती की कॅमेऱ्याची ही पितळी नळी म्हणजे तोफ आहे, हललास तर उडेल. ही हकीकत द्यू काँनेच मोठ्या खुशीत लिहून ठेवली आहे.

मला ही गोष्ट हसून सोडून देववत नाही. चौकटीत माणूस घेतला, परंतु गज म्हणून घेतला. तो कोण, त्याचे गाव कोणते, ह्याच्याशी चित्राला कर्तव्य नाही. वाळवंटाच्या छायाचित्रात माणसाने शिरकाव केला तो असा.

इजिप्तमध्येच, पण वेगळ्या वाटेने गेलेला एक तरुण होता. जॉन बीस्ली ग्रीन हा फ्रान्समध्ये जन्मलेला अमेरिकन, पुराणवस्तूंचा अभ्यासक. 1853-54 मध्ये तो नाईलवर गेला, 1854 मध्ये त्याचा चित्रसंग्रह निघाला, आणि 1856 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो वारला. त्याची काही छायाचित्रे पाहून माणूस बुचकळ्यात पडतो. मधोमध जमिनीची एक बारीक पट्टी, तिच्यावर चारदोन झाडे किंवा दूरची देवळे, आणि वर-खाली नुसता कोरा कागद. वर आकाश कोरे, खाली पाणी किंवा वाळू कोरी. पुढच्या काळात ज्याला रिकामपणाचे सौंदर्य म्हणू लागले ते इथे आहे.

ह्यात ग्रीनची दृष्टी किती आणि रसायनाचा गुण किती, हे सांगितले पाहिजे. त्या काळचे कागद आणि काचा फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देत. तांबडा-पिवळा प्रकाश त्यांच्या गावीच नसे. त्यामुळे निळे आकाश चित्रात पांढरेफटक उमटे, ढग असले तरी पुसले जात, आणि पिवळी वाळू डोळ्यांना दिसते त्याहून गडद येई. क्षितिजाची रेघ सुरीने कापल्यासारखी होई. सामान्य छायाचित्रकार ह्यावर कपाळाला हात लावी, कोणी वेगळ्या काचेवरचे ढग आणून वर चिकटवी. ग्रीनने त्या कोरेपणालाच चित्राचा भाग केले. रचनेचा पहिला धडा हाच म्हणावा लागेल : जे येत नाही त्याची भरपाई करत बसू नये, त्याला जागा द्यावी.

ह्यानंतर फ्रान्सिस फ्रिथ हा इंग्रज आला. 1856 ते 1860 ह्या दरम्यान त्याने तीन फेऱ्या केल्या, मोठमोठ्या काचांवर चित्रे घेतली आणि त्यांचा मोठा व्यापार केला. त्याची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव फासायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याच्या आत अंधारात नेऊन धुवायची. वाळवंटाच्या उन्हात, कोंदट तंबूत, हा द्रव काचेवर पडताच उकळू लागे असे फ्रिथने लिहिले आहे. तंबू सोसेना तेव्हा तो थडग्यांच्या गुहांत शिरून काम करी. फ्रिथची चित्रे नेटकी आहेत, त्यांहून अधिक त्यांच्याविषयी बोलण्यासारखे मला काही सापडत नाही. परंतु ही ओली काच ध्यानात ठेवावी, कारण आता आपण जिथे जाणार आहोत तिथे तिच्यामुळेच एक अद्वितीय चित्र घडले.

ते ठिकाण अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात आहे. तिथली कार्सन नावाची नदी समुद्राला मिळत नाही. डोंगरांतून उतरते, एका विस्तीर्ण खोलगटात पसरते आणि तिथेच आटते. ह्या खोलगटाला आणि भोवतालच्या वाळवंटाला नदीचेच नाव आहे, आणि नदीला नाव आहे किट कार्सन ह्या वाटाड्याचे. हे नाव पुढे पुन्हा भेटेल. 1867 साली क्लॅरन्स किंग नावाचा पंचवीस वर्षांचा भूशास्त्रज्ञ सरकारी पाहणीचे पथक घेऊन इकडे आला. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग तेव्हा बांधला जात होता, तो 1869 च्या मे महिन्यात पुरा झाला. त्या मार्गाच्या दोन्ही अंगांना जमीन कशी आहे, खनिजे कोणती आहेत, हे पाहणे पथकाचे काम होते, आणि पैसा युद्धखात्याचा होता. पथकाबरोबर छायाचित्रकार होता टिमथी ओसलिव्हन. चार वर्षांपूर्वी यादवी युद्धात गेटिसबर्गच्या रणांगणावर पडलेली प्रेते त्याने टिपली होती. असला माणूस वाळूला भिणार नव्हता.

त्याचे 1867 चे ते चित्र असे आहे. चौकटभर वाळूच्या टेकड्या. मधल्या अंतरावर एक गाडी उभी आहे, तिला खेचरे जोडलेली. मुळात ही गाडी जखमी सैनिकांना वाहून नेण्याच्या धाटणीची, तिचीच ओसलिव्हनने फिरती अंधारखोली केली होती. आणि त्या गाडीपासून निघून, वाळू तुडवत, पाऊलखुणांची एक रांग आपल्या दिशेने, म्हणजे कॅमेऱ्याच्या दिशेने येते. एवढेच. डोंगर नाही, झाड नाही, चेहरा नाही.

ह्या पाऊलखुणा ओसलिव्हनच्या आहेत. काच ओली ठेवायची तर गाडीपासून फार दूर जाता येत नव्हते. गाडीत काच तयार करायची, धावतपळत टेकडीवर यायचे, चित्र घ्यायचे, आणि पुन्हा गाडीकडे. कोरड्या वाळवंटी हवेत काच लवकर सुकणार, म्हणून घाई आणखी. म्हणजे ज्या रेघेने आपली नजर चित्रात शिरते आणि गाडीपाशी पोहोचते, ती रेघ सौंदर्यदृष्टीने आखलेली नाही, ती कामाने पडलेली आहे. छायाचित्रकाराने आपले घर आणि आपले येणेजाणे दोन्ही चौकटीत ठेवले. मी येथे चालत आलो, हे चित्रच सांगते. इस्माईलसारखा कोणी गज म्हणून उभा केलेला नाही, तरी टेकडी किती मोठी ते गाडीवरून आणि पावलांवरून बरोबर कळते. माझ्या मते वाळवंटाच्या छायाचित्रांत इतके प्रामाणिक चित्र दुसरे नाही.

पण प्रामाणिक म्हणजे पूर्ण नव्हे. हे चित्र पाहून वाटते की ह्या माणसाखेरीज इथे कोणी आलेच नसेल. पथकाची त्या उन्हाळ्यातली हकीकत मात्र निराळीच आहे. शेजारच्या हंबोल्ट नदीच्या तसल्याच खोलगटात डासांनी त्यांना हैराण केले आणि हिवतापाने माणसे अंथरुणाला खिळली. 1869 मध्ये एका अमेरिकन मासिकात ह्या प्रवासावर लेख आला, त्यातही हे डास आहेत. आता डास म्हटले की पाणी आले. ह्या खोलगटांच्या कडेला मैलोगणती दलदल होती, लव्हाळे होते, हंगामात बदकांचे थवे उतरत, आणि त्यांवर जगणारे उत्तर पायूट लोक होते. कार्सनच्या दलदलीकाठच्या पायूटांचे स्वतःचे नावच मुळी ‘पाणकणीस खाणारे’ असे आहे. 1924 साली तिथून जवळच्या लव्हलॉक गुहेत उत्खनन झाले, तेव्हा लव्हाळ्याची विणलेली अकरा बदके सापडली. पाण्यावर ती तरंगत ठेवायची, त्यांना भुलून खरी बदके खाली उतरत, मग शिकार करायची. ह्या बदकांचे वय सुमारे दोन हजार वर्षे आहे. ज्याला आपण निर्जन वाळवंट म्हणून पाहतो त्याच्या काठावर दोन हजार वर्षे बदके विणणारे हात होते. ओसलिव्हनने कॅमेऱ्याचे तोंड वाळूकडे केले आणि दलदल पाठीमागे राहिली.

पुढे 1873 मध्ये तो दुसऱ्या सरकारी पथकाबरोबर ॲरिझोनातल्या कॅन्यन द शे ह्या दरीत गेला. तिथल्या कड्याच्या कपारीत जुन्या वस्तीचे अवशेष आहेत, त्यांना ‘पांढरे घर’ म्हणतात. इथे त्याने आकाश आणि क्षितिज दोन्ही कापून टाकली. चौकटभर नुसता उभा कडा, त्यावर पाण्याने आणि खनिजाने ओढलेले काळे पट्टे, आणि खाली ती घरे काड्यापेटीएवढी. नीट पाहिले तर अवशेषांत उभी असलेली इवलीशी माणसेही दिसतात. क्षितिज ही वाळवंटाच्या चित्रातली सर्वांत मोठी डोकेदुखी. ते मधोमध आले की चित्राचे दोन तुकडे होतात. ओसलिव्हनचा उपाय मुळावरच घाव घालणारा होता. सत्तर वर्षांनी, 1940 च्या दशकाच्या आरंभी, ॲन्सेल ॲडम्स मुद्दाम त्याच जागी जाऊन उभा राहिला आणि त्याने जवळजवळ तेच चित्र पुन्हा घेतले. गुरूला वंदन करण्याची ही छायाचित्रकारांची रीत.

त्या दरीची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. 1864 मध्ये, म्हणजे ओसलिव्हन येण्याच्या नऊच वर्षे आधी, ह्याच किट कार्सनच्या मोहिमेत सैनिक दरीत शिरले होते. नॅव्हाहो लोकांची घरे-शेते जाळली, पीचच्या बागा तोडल्या, आणि हजारोंना चारपाचशे किलोमीटर पायी चालवत एका छावणीत नेऊन ठेवले. 1868 च्या तहानंतर ते परत आले. ओसलिव्हनने नॅव्हाहोंची चित्रेही काढली, मागावर विणकाम चाललेले त्याचे एक चित्र प्रसिद्ध आहे, तेव्हा त्याच्यावर एकांगीपणाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. परंतु जगाने भिंतीवर टांगायला निवडले ते कड्याचे चित्र, मागाचे नव्हे.

ओसलिव्हन 1882 मध्ये क्षयाने वारला. त्याच्याविषयी एक मौजेची भर पडली ती शंभर वर्षांनी. 1977 ते 1979 ह्या काळात मार्क क्लेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ह्या जुन्या छायाचित्रकारांच्या नेमक्या जागा शोधून, तिथेच तिपाई रोवून, पुन्हा चित्रे घेतली. तेव्हा आढळले की यूटामधल्या वेबर दरीतले खडकांचे एक चित्र ओसलिव्हनने कॅमेरा तिरपा धरून घेतले होते. क्षितिज जरासुद्धा दिसत नसल्याने कोणाला संशय आला नाही. खडक हवे तेवढे रौद्र दिसावेत म्हणून केलेली ही करामत असणार. तेव्हा सरकारी पाहणीची चित्रे म्हणजे जमिनीचा निव्वळ पुरावा, ही समजूत सोडावी लागली.

आता ती नागमोडी धार. आजच्या दिनदर्शिकेचे चित्र तिच्याशिवाय पुरे होत नाही, आणि तिच्यामागे साधे शास्त्र आहे. वाळूची टेकडी दोन्ही अंगांनी सारखी नसते. वाऱ्याकडची बाजू लांब आणि सौम्य, दहा-पंधरा अंशांचा चढ. वारा कण ह्या चढावरून ढकलत माथ्यावर नेतो आणि पलीकडे टाकतो. तिथे ते साचतात, घसरतात, आणि घसरण नेहमी सुमारे तेहेतीस अंशांच्या उतारावर येऊन थांबते, कारण कोरडी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही. धान्याची रास पाहिलेल्यांना हे सांगायला नको. राल्फ बॅग्नल्ड ह्या इंग्रज लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात मोटारी हाकता हाकता ह्याचा ध्यास घेतला आणि 1941 मध्ये वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकीवर ग्रंथ लिहिला, तो आजही प्रमाण मानतात.

आता हिशेब करावा. सूर्य माथ्यापलीकडे आणि तेहेतीस अंशांच्या खाली असेल, तर घसरणीची बाजू पूर्ण सावलीत जाईल, आणि ऊन-सावलीची सीमा नेमकी टेकडीच्या धारेवरून धावेल. सूर्य वर चढला की ऊन दोन्ही बाजूंना पोहोचते, धार पुसली जाते आणि टेकडी म्हणजे पीठ सांडल्यासारखी सपाट दिसते. जैसलमेरच्या हिशेबाने सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तास, थंडीत थोडे अधिक, आणि सूर्यास्तापूर्वीचे तेवढेच, एवढीच काय ती वेळ. आमची सहलीची मंडळी दुपारी जेवून उंटावर बसतात आणि मग कॅमेऱ्याला दोष देतात.

ही सावली कामाला लावली ती एडवर्ड वेस्टनने. 1936 साली कॅलिफोर्नियातल्या ओशियानो येथे त्याने आठ बाय दहा इंचांच्या कॅमेऱ्याने वाळूच्या टेकड्यांची जी मालिका घेतली तिने पुढच्या सगळ्यांचे डोळे घडवले. आकाश एक तर नाहीच, किंवा वरच्या काठाला चिंधीएवढे. काळे आणि पांढरे आकार एकमेकांत गुंतलेले, वाऱ्याने पाडलेल्या बारीक लाटा, आणि टेकडी दहा फुटांची की शंभर फुटांची हे सांगायची सोय नाही. द्यू काँला जो गज हवा होता तो वेस्टनने मुद्दाम काढून घेतला. माप गेले आणि आकार उरला.

गंमत अशी की ओशियानो हे वाळवंटच नाही. त्या पॅसिफिक समुद्रकाठच्या टेकड्या, गाव हाकेच्या अंतरावर. आणि टेकड्यांत वस्तीही होती. कवी, चित्रकार, साधक, भटके अशी मंडळी फळ्यांच्या खोपटांत राहत, त्यांना ‘ड्यूनाइट’ म्हणत. आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे पुण्यात जन्मलेले आणि अहमदनगरजवळ, आताच्या अहिल्यानगरजवळ, आश्रम स्थापन केलेले मेहेरबाबा 1934 साली ह्या टेकड्यांत येऊन गेले, आणि त्यांच्यासाठी तिथे एक खोपटे बांधले होते. दोन वर्षांनी वेस्टनने तिथेच ती चित्रे घेतली. त्यांत खोपटे नाही, धूर नाही, एक पाऊलही नाही. ह्याला लबाडी म्हणू नये, वेस्टनला आकार हवे होते आणि त्याने ते मिळवले. परंतु पाहणाऱ्याने त्या चित्रांवरून वाळू निर्मनुष्य असते असे ठरवले, तर तो दोष कोणाच्या पदरात घालावा?

ॲडम्सने ह्या रीतीवर कळस चढवला. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत, 1948 च्या सुमारास घेतलेले त्याचे सूर्योदयाच्या वेळचे वाळूचे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. मोटारीच्या टपावर त्याने कॅमेऱ्यासाठी फळ्यांचा मंच केला होता, रात्री त्यावरच झोपायचे, उजाडण्याआधी अंधारात टेकड्या चढायच्या आणि सूर्याची वाट पाहत उभे राहायचे. पहिला किरण धारेवर आला की काही क्षणांचे काम. ह्या शिस्तीत एक नियम आपोआप आला : पुढच्या वाळूवर पाऊल पडता कामा नये. कुठून चालायचे हे आधी ठरवायचे, वळसा घालायचा, आपली वाट कॅमेऱ्याच्या पाठीमागे ठेवायची. आज वाळवंटात फोटो काढायला शिकवणारे पहिल्यांदा हेच सांगतात, आणि नवख्याने ते ऐकावे हेच बरे, कारण एकदा तुडवलेली वाळू पुढच्या वाऱ्यापर्यंत दुरुस्त होत नाही. पण ओसलिव्हनची आठवण येते. ऐंशी वर्षांपूर्वी ज्या पाऊलखुणा चित्राचा प्राण होत्या, त्या आता चित्राचा कलंक ठरल्या.

डेथ व्हॅलीच्या त्या टेकड्यांना मेस्क्विट नावाच्या झाडावरून नाव पडले आहे. आपल्याकडच्या वेड्या बाभळीची ही जातभाई. तिच्या शेंगा हे तिथल्या टिंबिशा शोशोनी लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. 1933 मध्ये दरी राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली तेव्हा हे लोक तिथेच होते, आणि तिथल्या जमिनीवरचा त्यांचा हक्क कायद्याने मान्य झाला तो 2000 साली. ॲडम्स निसर्गरक्षणासाठी आयुष्यभर झटला, त्याच्या चित्रांनी अरण्ये वाचवली हे खरेच आहे. मात्र जे वाचवायचे ते माणसाविना असले पाहिजे, ही कल्पनाही त्याच चित्रांतून पसरली.

त्याच सुमारास दुसऱ्या वाळवंटात दुसरा माणूस वेगळ्या तऱ्हेने पाहत होता. विल्फ्रेड थेसिगर हा इंग्रज टोळधाडीची उत्पत्तिस्थाने शोधण्याच्या कामावर अरबस्तानात गेला, आणि टोळांपेक्षा वाळवंटाच्याच नादी लागला. अरबस्तानचा जो भाग ‘रिकामा चतकोर’ ह्याच नावाने ओळखला जातो तो त्याने 1946 ते 1948 ह्या काळात दोनदा उंटांवरून ओलांडला. बरोबर रशीद टोळीतले बिन कबिना आणि बिन घबैशा हे तरुण होते. वाळूपासून जपण्यासाठी लायका कॅमेरा शेळीच्या कातड्याच्या पिशवीत असे. त्याच्या चित्रांत टेकड्या तेवढ्याच उंच, सावल्या तेवढ्याच गडद, पण त्यांच्या पायथ्याशी उंटांची रांग असते, लगाम धरून चढणारा माणूस असतो, आणि जवळून घेतलेले चेहरे असतात. ही माणसे इस्माईलसारखी उभी केलेली नव्हेत, ती वाट काढत आहेत. त्यांच्यामुळे टेकडीचे माप कळते आणि चढाचा दमही कळतो. 1959 मध्ये त्याचे अरबस्तानच्या वाळूवरचे पुस्तक निघाले. थेसिगरला मोटारींचा आणि तेलाचा मनस्वी तिटकारा होता, म्हणून माणसाऐवजी यंत्रे त्याच्या चौकटीबाहेर राहिली, हेही नमूद करून ठेवतो. पण आमच्या जैसलमेरकरांना मी वेस्टनच्या आधी थेसिगर दाखवीन. थरचे वाळवंट हे जगातल्या दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक. तिथे विहीर आहे, खेजडीचे झाड आहे, डोक्यावर घडे घेतलेल्या बाया आहेत, मेंढ्यांचे कळप आहेत. नजरेला धरायला हवे ते सगळे आहे. ते टाळून पाऊलखुणा नसलेली टेकडी शोधत मैलभर चालण्याचा अट्टाहास कशासाठी, हे त्यांनी स्वतःला विचारावे.

शेवटी पुन्हा कार्सनच्या खोलगटाकडे येऊ. ह्या भागात अमेरिकन आरमाराचा विमानांतून बाँब टाकण्याच्या सरावाचा पट्टा आहे, त्याचे नाव ब्राव्हो 20. त्यातला एकाकी उभा असलेला खडक पायूटांना पवित्र आहे. ओशियानोच्या टेकड्या मोकळ्या दिसल्या त्या फक्त चित्रात, इथली जमीन मोकळी आहे असे सरकारी कागदातच ठरले. 1986 च्या सुमारास रिचर्ड मिझरॅक हा छायाचित्रकार तिथे गेला. त्याचा कॅमेरा जुन्याच धाटणीचा, आठ बाय दहा इंचांचा. मांडणीही जुन्या गुरूंचीच : शांत क्षितिज, भरपूर आकाश, सकाळ-संध्याकाळचा मऊ प्रकाश, फक्त रंगांची भर. लांबून पाहिले तर दिनदर्शिकेला शोभावे. जवळ जावे तर मध्यभागी जे तळे दिसते ते बाँबचे विवर असते, त्यात रक्तासारखे तांबडे पाणी साचलेले, आणि पलीकडे फुटलेल्या ट्रकांची रांग. शंभर वर्षांत जी सुंदर चौकट तयार झाली होती तिच्यातच त्याने हे आणून ठेवले. पाहणारा आधी सुखावतो, मग चपापतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. 1990 मध्ये त्याने ह्या चित्रांचे पुस्तक काढले आणि त्यात ह्या जागेचे राष्ट्रीय उद्यान करावे अशी नकाशासकट योजना मांडली.

उद्यान झाले नाही. 2022 च्या डिसेंबरात अमेरिकन काँग्रेसच्या संरक्षणखर्चाच्या कायद्याने त्या भागातल्या सरावक्षेत्रांना साडेपाच लाख एकरांहून अधिक जमीन आणखी जोडून दिली, आणि तिथल्या पायूट-शोशोनी लोकांना भरपाई म्हणून रक्कम मंजूर केली. ओसलिव्हनच्या पाऊलखुणा वाऱ्याने तेव्हाच पुसल्या असतील. लव्हाळ्याची अकरा बदके मात्र संग्रहालयात सुरक्षित आहेत, आणि त्यांचे फोटो निघतात ते कोऱ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर.